निसर्गाचे अनाम चितारी

वनस्पतिशास्त्रावरील एखादा जुना सचित्र ग्रंथ उघडून पाहिला, म्हणजे त्याच्या पानोपानीं नांवेंच नांवें आढळतात. रोपट्याचें लॅटिन नांव असतें. तें नांव ठेवणाऱ्या पंडिताचें नांव असतें. ज्या अधिकाऱ्याच्या किंवा संस्थेच्या आश्रयानें ग्रंथ निघाला, त्यांचें नांव तर पहिल्याच पानावर मोठ्या टायपांत असतें. परंतु ज्या माणसानें तें रोपटें समोर ठेवून, तें कोमेजण्यापूर्वीं, त्याचें पान, पाकळी, केसर आणि बीज कागदावर उतरविलें, त्याचें नांव पुष्कळ वेळां कोठेंच नसतें. हिंदुस्थानांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारें पाऊणशें वर्षें, अशा चिताऱ्यांनीं हजारों चित्रें काढलीं. या देशांतील कित्येक झाडें, पांखरें आणि जनावरें युरोपांतील विद्वानांना प्रथम दिसलीं तीं या चित्रांतूनच. ज्यांच्या नजरेवर एवढा मोठा विश्वास टाकला गेला, त्यांचीं नांवें मात्र थोड्यांनाच ठाऊक आहेत. त्यांपैकीं कांहीं जणांची ही हकीकत आहे.

या कलेचें मूळ शोधूं गेल्यास बादशहा जहांगीर याच्या दरबारापर्यंत मागें जावें लागतें. इ. स. १६०५ ते १६२७ पर्यंत राज्य करणाऱ्या या बादशहाला राज्यकारभारापेक्षां फुलापांखरांचें वेड अधिक होतें, असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. त्याच्या पदरीं उस्ताद मनसूर नांवाचा चित्रकार होता. बादशहानें त्याला ‘नादिर-उल्-अस्र’, म्हणजे ‘युगांतील अद्वितीय’, अशी पदवी दिली होती. १६१२ सालीं मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याच्या बंदरांतून कांहीं अपूर्व पशुपक्षी बादशहासाठीं आणले. त्यांत अमेरिकेकडून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आलेला टर्की जातीचा एक कोंबडा होता. मनसूरनें काढलेलें त्या कोंबड्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. पुढें १६२० सालीं बादशहा काश्मीरांत गेला, तेव्हां तेथील वसंताची शोभा पाहून तो इतका मोहित झाला कीं त्यानें मनसूरकडून शंभरांहून अधिक फुलांचीं चित्रें काढविलीं. तीं बहुतेक काळाच्या उदरांत गेलीं. अगदीं थोडीं उरलीं.

मनसूरचें नांव इतिहासांत राहिलें, याचें कारण उघड आहे. त्याच्या धन्यानें आपल्या आत्मचरित्रांत तें स्वतः लिहून ठेविलें. गुणी माणसाचें नांव टिकण्यास त्याच्या गुणांइतकाच आश्रयदात्याच्या मनाचा मोठेपणाहि कारणीभूत होतो, हें येथें प्रथम दिसून येतें. पुढील हकीकतींतहि याचा वारंवार प्रत्यय येईल.

औरंगजेबानंतर दिल्लीचा दरबार खालावला आणि चित्रकार आश्रय शोधीत दूरदूरच्या सुभ्यांत पांगले. कांहीं घराणीं बंगालच्या नबाबाच्या मुर्शिदाबादेस राहिलीं. परंतु १७५७ सालीं प्लासीस आणि १७६४ सालीं बक्सार येथें इंग्रज जिंकले, त्याबरोबर नबाबाचें वैभव आटलें आणि चिताऱ्यांची रोजीहि बुडाली. त्यांतील कित्येकांनीं गंगेच्या कांठच्या पाटणा शहरीं बिऱ्हाड केलें. आतां पैसा होता तो कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांजवळ. नबाबाला दरबारचे आणि शिकारीचे देखावे हवे असत. साहेबांना या नव्या देशांतील झाडें, जनावरें आणि निरनिराळ्या धंद्यांचे लोक यांचीं चित्रें हवीं असत. पोटासाठीं चिताऱ्यांनीं विषय बदलला, कागद बदलला, आणि गडद रंगांच्या जागीं पाण्यांतले पातळ रंग घेतले. हात मात्र जुनाच राहिला. खारीच्या केसांच्या कुंचल्यानें पांखराचें एकेक पीस रेखण्याची जी संवय पिढ्यान् पिढ्या मुरली होती, ती या नव्या कामीं फार उपयोगी पडली.

याच सुमारास, १७७४ सालीं, कलकत्त्यास नव्यानें स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाचा पहिला मुख्य न्यायाधीश म्हणून सर एलिजा इंपे हा आला. महाराज नंदकुमाराला १७७५ सालीं फांशीची शिक्षा देणारा न्यायाधीश तो हाच. इतिहासानें त्याच्या कपाळीं जो डाग लावला आहे, तो सहसा पुसला जाणार नाहीं. परंतु त्याच्या पत्नीचें, लेडी मेरी इंपेचें, काम अगदीं निराळें होतें. तिनें आपल्या कलकत्त्याच्या घराभोंवतीं हरणें, पांखरें आणि नाना प्रकारचीं जनावरें पाळलीं. १७७७ सालापासून तिनें पाटण्याच्या तीन चित्रकारांना कामावर ठेवून या प्राण्यांचीं चित्रें काढविण्यास आरंभ केला. शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास हीं त्या तिघांचीं नांवें. पुढील पांचसहा वर्षांत या तिघांनीं मिळून तीनशेंहून अधिक चित्रें काढलीं. त्यांत निम्म्याहून अधिक पक्ष्यांचीं होतीं.

बाईंचा आग्रह असा होता कीं शक्य असेल तेथें प्राणी मूळ आकाराएवढाच काढावा आणि जनावर जिवंत असतांना त्याच्याकडे पाहून काढावा. झैनुद्दीनचें चंदनाच्या फांदीवर बसलेल्या नीळकंठ पक्ष्याचें चित्र पाहिलें, म्हणजे या आग्रहाचें चीज झालें असें वाटतें. पक्ष्याच्या पंखांवरील निळ्या रंगाच्या चारपांच छटा त्यानें इतक्या बारकाईनें वेगळ्या केल्या आहेत कीं मोगल दरबारांतील शिक्षणाची सहज आठवण व्हावी. फांदी, पानें आणि फुलें मात्र इंग्रजी वनस्पतिचित्रांच्या धाटणीचीं आहेत, आणि भोंवतालीं पांढरा कागद कोरा सोडला आहे. अंगभर खवले असलेल्या खवल्या मांजराचें त्याचें १७७९ सालचें चित्रहि असेंच आहे. खवल्यांची प्रत्येक ओळ मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. पूर्वेची नजर आणि पश्चिमेचा कागद यांचा असा मिलाफ त्यापूर्वीं क्वचितच झाला असेल.

लेडी इंपेनें आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळेंच या तिघांचीं नांवें आज माहीत आहेत. चित्रांच्या खालीं प्राण्याच्या नांवाबरोबर चित्रकाराचें नांव आणि ‘पाटण्याचा रहिवासी’ ही ओळख लिहिलेली असे. पुढें १७८३ सालीं इंपेला विलायतेस परत बोलावण्यांत आलें, चित्रेंहि त्याच्याबरोबर गेलीं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८१० सालीं लिलावांत विकलीं जाऊन निरनिराळ्या हातीं पडलीं. तरीहि चित्रें जेथें जेथें गेलीं, तेथें तेथें झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास हीं नांवें त्यांच्याबरोबर गेलीं. जॉन लॅथम नांवाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञानें हिंदी पक्ष्यांचें वर्णन करतांना या चित्रांचा आधार घेतला, आणि हिमालयांतील मोनाल नांवाच्या देखण्या रानकोंबड्याला लेडी इंपेच्या नांवावरून नांव दिलें. तें आजहि चालू आहे. एवढें खरें कीं पांखराला नांव मिळालें तें बाईंचें. ज्यांनीं पांखरें रेखाटलीं, त्यांच्या नांवाचें एकहि पांखरूं उडालें नाहीं.

कलकत्त्यास हें चाललें असतां इकडे पुण्यांत पेशवाईचा अखेरचा बहर होता. १७८६ सालीं चार्लस् वॉर मॅलेट हा इंग्रजांचा वकील म्हणून सवाई माधवरावांच्या दरबारीं आला. या गृहस्थाला लेण्यांचा, जनावरांचा आणि चित्रांचा नाद होता. त्याच्या पदरीं एक मराठी चित्रकार होता. गंगाराम चिंतामण नवगिरे हें त्याचें नांव. आडनांवापुढें ‘तांबट’ हेंहि लागे. तांब्यापितळेचीं भांडीं घडविणाऱ्या जातींतला हा माणूस. पत्र्यावर ठोके घालतांना नजर आणि हात यांची जी सांगड बसते, ती कुंचल्यालाहि उपयोगी पडते, हें गंगारामाच्या कामावरून समजतें.

पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना जनावरांची मोठी हौस. या शिकारखान्यांतील एकशिंगी गेंड्याचें गंगारामानें काढलेलें एक चित्र आहे. त्यावर नोव्हेंबर १७९० असा काळ आहे. पुणेंकरांना गेंडा म्हणजे पुराणांतला किंवा ढालीवरचा प्राणी. त्यांच्यापैकींच एकानें तो समोर उभा पाहून, त्याच्या कातड्याच्या घड्या मोजून, कागदावर मांडला. हें चित्र काढलें गेलें तेव्हां जेम्स वेल्स हा स्कॉच चित्रकार अजून हिंदुस्थानांत आलाहि नव्हता. तो १७९१ सालीं मुंबईस उतरला. शनिवारवाड्यांत मॅलेटच्या प्रोत्साहनानें चित्रकलेची जी शाळा चालली, तिच्याशीं वेल्स आणि गंगाराम या दोघांचा संबंध आला. पाश्चात्त्य पद्धतीचें रेखाटन मराठी विद्यार्थ्याला शिकविण्याचा तो अगदीं आरंभींचा प्रयत्न होय. १७९५ सालीं वेल्स मरण पावला, त्याच वर्षीं सवाई माधवरावहि गेले, आणि तो उद्योग तेथेंच खुंटला. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा निघाली ती १८५७ सालीं, म्हणजे त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळानें.

मॅलेटनें वेरूळच्या लेण्यांचें वर्णन लिहिलें, त्यासाठीं चित्रें काढण्यास त्यानें गंगारामासच पाठविलें होतें. गंगारामाचीं पुष्कळ चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. महाराष्ट्रांत त्याचें नांव जाणणारे थोडेच. ज्या शहरांत त्यानें गेंडा रेखाटला, त्या शहरांतील शाळेच्या मुलांना सवाई माधवराव आणि नाना फडणीस हीं नांवें पाठ असतात. त्याच वाड्यांत कागदावर ओणवा होऊन बसणाऱ्या या तांबटाचें नांव त्यांना कोणी सांगत नाहीं.

आतां पुन्हां कलकत्त्याकडे वळावें लागतें. हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथें १७८७ सालीं कंपनीनें वनस्पतींची मोठी बाग घातली. १७९३ पासून १८१३ पर्यंत डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग हा तिचा अधिकारी होता. हिंदी वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याला मान देतात, आणि तो योग्यच आहे. रॉक्सबर्गनें हिंदी चिताऱ्यांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींचीं चित्रें काढवून घेतलीं. त्यांचा एक संच कलकत्त्याच्या बागेंत राहिला आणि दुसरा इंग्लंडांत क्यू येथील बागेकडे गेला. कारोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींवर त्याचा तीन खंडांचा, तीनशें चित्रांचा जो ग्रंथ १७९५ ते १८२० या काळांत लंडनला छापला गेला, त्याचीं मूळ चित्रें हिंदी हातांचीं होतीं. पण त्या तीनशें पानांवर चिताऱ्याचें नांव नाहीं.

हें काम किती कष्टाचें असे, हें श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. वैशाखांतल्या उन्हांत माळी रानांतून एखादी फांदी तोडून आणतो. फूल तासा-दोन तासांत मान टाकतें, म्हणून चितारी प्रथम फुलाला हात घालतो. पाकळीचा रंग हवेनें बदलण्यापूर्वीं त्याला तो जुळवून घ्यावा लागतो. मग पानें, त्यांत एक पान मुद्दाम उलटें दाखवावयाचें, म्हणजे त्याच्या पाठीवरील शिरा आणि लव दिसावी. मग साहेब फूल चिरतो, भिंगाखालीं ठेवतो, आणि चिताऱ्यानें त्यांतील केसर, बीजकोश आणि बीजें मोठ्या आकारांत कागदाच्या तळाशीं मांडावयाचीं असतात. साहेबाची भाषा निराळी, शास्त्राची परिभाषा तर अगदींच निराळी. तरी या माणसानें आपल्या डोळ्यानें जें दिसतें तेंच काढावयाचें, आपल्या मनाचें कांहीं घालावयाचें नाहीं. कित्येक युरोपियन पंडितांची तक्रार असे कीं हिंदी चितारी छायाप्रकाश नीट दाखवीत नाहींत, झाड कागदावर दाबून बसविल्यासारखें सपाट काढतात. तक्रार सर्वस्वीं खोटी नव्हती. पण झाड ओळखण्यासाठीं सावलीपेक्षां रेषा अधिक कामाची असते, आणि रेषेंत हे लोक कोणाला हार जाणारे नव्हते.

या चित्रांची शास्त्रीय किंमत दुसऱ्या एका कारणानेंहि मोठी आहे. वनस्पतीला नवें नांव देणाऱ्यानें ज्या नमुन्यावरून तें दिलें, तो वाळविलेला नमुना पुढील विद्वानांना प्रमाण म्हणून पाहावा लागतो. परंतु या देशाच्या दमट हवेंत आणि वाळवीच्या राज्यांत असे नमुने टिकणें कठीण. रॉक्सबर्गनें वर्णिलेल्या कित्येक वनस्पतींच्या बाबतींत मूळ नमुना मिळत नाहीं, तेव्हां शास्त्रज्ञ त्याच्या चित्रालाच प्रमाण मानतात. म्हणजे ‘अमक्या नांवाचें झाड तें हेंच’ असा निवाडा करण्याची वेळ येते, तेव्हां साक्षीदार म्हणून उभा राहतो तो कोणी अनाम बंगाली किंवा तेलंगी चितारी. त्याची साक्ष ग्राह्य धरली जाते. त्याचें नांव मात्र कोणी विचारीत नाहीं.

रॉक्सबर्गनंतर कांहीं वर्षांनीं, १८१७ सालीं, डॅनिश डॉक्टर नाथानिएल वॉलिक हा त्या बागेचा अधिकारी झाला. त्यानें १८३० ते १८३२ या काळांत आशियांतील दुर्मिळ वनस्पतींवर तीन खंडांचा भव्य ग्रंथ लंडनला प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें तीनशें रंगीत चित्रें आहेत, आणि येथें एक सुखद फरक दिसतो. कित्येक चित्रांच्या खालीं मूळ चित्रकाराचें नांव छापलें आहे. विष्णुप्रसाद हें त्यांपैकीं एक, आणि गोराचंद हें दुसरें. विष्णुप्रसादाचा हात तर इतका नाजूक कीं त्या काळच्या हिंदी वनस्पतिचित्रकारांत त्याला अगदीं वरच्या पंक्तींत बसवितात. चित्राखालीं एक ओळ छापण्यास खर्च तो किती? पण त्या एका ओळीमुळें विष्णुप्रसाद आज इतिहासांत आहे, आणि ती ओळ नसल्यामुळें रॉक्सबर्गचे चितारी नाहींत.

याहून मोठा न्याय झाला तो मद्रासेकडे. रॉबर्ट वाइट हा स्कॉच शस्त्रवैद्य १८१९ सालीं कंपनीच्या नोकरींत मद्रास इलाख्यांत आला. औषधोपचाराच्या कामांतून सवड काढून त्यानें दक्षिण हिंदुस्थानच्या वनस्पतींचा अभ्यास आरंभिला, आणि चित्रें काढण्यासाठीं रंगय्या नांवाच्या चित्रकाराला ठेविलें. रंगय्यानें जवळजवळ वीस वर्षें त्याच्याजवळ काम केलें. त्याचीं चित्रें वाइटनें स्कॉटलंडांत ग्लासगो येथें प्रोफेसर विल्यम हूकर यांच्याकडे पाठविलीं, आणि हूकरनें त्यांतील कांहीं आपल्या नियतकालिकांतून प्रसिद्ध केलीं. १८४५ च्या सुमारास रंगय्याच्या जागीं गोविंदू आला.

वाइटनें एक धाडसाचा बेत केला. चित्रें विलायतेस पाठवून तेथील कारागिरांकडून खोदवून घेण्यास खर्च फार आणि वेळहि फार. तेव्हां त्यानें मद्रासेसच शिळाछापावर तीं छापावयाचें ठरविलें. शिळाछापाची विद्या त्या काळीं येथें बाल्यावस्थेंत होती. दगड चांगला मिळणें कठीण, शाई उन्हानें बिघडे, छाप कधीं फिकट तर कधीं काळाकुट्ट येई. या सर्व अडचणींतून वाट काढीत १८३८ ते १८५३ पर्यंत त्यानें सहा खंड पुरे केले. त्यांत २,१०१ चित्रें आहेत. एवढीं हिंदी वनस्पतींचीं चित्रें एका ग्रंथांत त्यापूर्वीं कोणीहि दिलीं नव्हतीं. त्यांतील फार मोठा भाग रंगय्या आणि गोविंदू या दोघांच्या हातचा. सह्याद्रि, निलगिरि आणि पळणीच्या डोंगरांवरचीं तेरडे, आमरी आणि वेली यांचे अभ्यासक अद्यापहि हे खंड उघडून बसतात.

वाइट हा कृतज्ञ माणूस होता. आपल्या चित्रकारांचें ऋण त्यानें छापील ग्रंथांत उघडपणें मान्य केलें. एवढ्यावरच तो थांबला नाहीं. १८५३ सालीं, म्हणजे ग्रंथ संपवून स्वदेशीं परतण्याच्या वर्षीं, आमरीच्या कुळांतील एका वनस्पतीला नवें नांव देण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्यानें त्या गणाला आपल्या चित्रकाराचें नांव दिलें: ‘गोविंदूइया’. वनस्पतिशास्त्रांत गणाला नांव देणें हा फार मोठा मान. तो राजे, गव्हर्नर आणि नामांकित पंडित यांच्यासाठीं राखून ठेवलेला असे. तो मान येथें महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या एका दक्षिणी चिताऱ्याला मिळाला.

परंतु शास्त्राचे नियम कोणाची भीड धरीत नाहींत. एकाच गणाला दोघांनीं दोन नांवें दिलीं असतील, तर आधींचें ग्राह्य आणि नंतरचें त्याज्य, असा नियम आहे. पुढें असें ठरलें कीं वाइटची ही आमरी ज्या गणांत बसते, त्याला ‘ट्रोपिडिया’ हें नांव लिंडले नांवाच्या पंडितानें आधींच देऊन ठेविलें होतें. त्यामुळें ‘गोविंदूइया’ हें नांव व्यवहारांतून गेलें आणि पर्यायनामांच्या यादींत जाऊन पडलें. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता; नियम सर्वांना सारखाच आहे, आणि त्याखालीं मोठमोठ्यांचींहि नांवें पुसलीं गेलीं आहेत. तरीहि त्या यादीच्या कोपऱ्यांत तें नांव अजून छापलें जातें, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तेथें गोविंदू भेटतो.

आतां या कथेचा शेवटचा भाग पुन्हां पुण्याच्या परिसरांतला आहे. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें १८२८ सालीं पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पतिबाग सुरू केली. १८३८ सालापासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा तिचा अधिकारी होता. मुंबई इलाख्यांतील जंगलें बेसुमार तोडलीं जात आहेत, त्यामुळें ओढे आटत आहेत, हें ज्यांनीं सरकारच्या कानीं घातलें त्यांत गिब्सन प्रमुख होता. १८४७ सालीं त्यालाच इलाख्याचा पहिला जंगलरक्षक नेमण्यांत आलें. दापोडीच्या बागेंत औषधी झाडांची लागवड होई, परदेशचीं रोपें वाढविलीं जात, आणि सह्याद्रींतून आणलेलीं झाडेंहि लावलेलीं असत. १८४७ ते १८५० या तीन वर्षांत गिब्सननें एका चित्रकाराला ठेवून त्या बागेंतील आणि आसपासच्या वनस्पतींचीं शंभरांहून अधिक चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिबागेंत जपून ठेविलेलीं आहेत. तेथील हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञानें २००२ सालीं त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तीं जगापुढें आणलीं; पुढें २००७ सालीं वाइट, रंगय्या आणि गोविंदू यांवरहि त्यानें तीन खंड लिहिले. दापोडीच्या त्या चित्रकाराची ओळख एवढीच कीं तो पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता. त्याचें नांव नोंदलें गेलें नाहीं. झाडांचीं नांवें शाबूत आहेत, बागेचें नांव आहे, साहेबाचें आहे; तीन वर्षें मुळामुठेच्या मुलखांतलीं फुलें रंगविणारा मात्र अनाम राहिला.

येथवर जी हकीकत सांगितली, तिचा विचार करतां एक प्रश्न उभा राहतो. हीं नांवें हरवलीं याचा दोष कोणाला द्यावा? सगळा दोष गोऱ्या अधिकाऱ्यांच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. हें खरें कीं पुष्कळांनीं चिताऱ्याला माळ्यासारखाच एक नोकर मानलें. नोकराचें काम धन्याच्या नांवावर जमा होतें, अशी त्यांची समजूत. विलायतेस चित्र पुन्हां तांब्याच्या पत्र्यावर खोदलें गेलें, म्हणजे खोदणाऱ्या इंग्रज कारागिराचें नांव खालीं येई आणि मूळ चित्र काढणारा गळून जाई. अभ्यासकांनीं या सगळ्या कलेला ‘कंपनी शैली’ असें जें नांव दिलें, तेंहि विकत घेणाराचें, काढणाराचें नव्हे. परंतु याच लोकांत चित्राखालीं नांव लिहवून घेणारी लेडी इंपे होती, नांव छापणारा वॉलिक होता, आणि गणाला चित्रकाराचें नांव देणारा वाइटहि होता. इकडे आपल्या देशांत तरी काय होतें? लेणीं खोदणाऱ्यांचीं, देवळें उभारणाऱ्यांचीं, पैठणी विणणाऱ्यांचीं नांवें कोणी जपून ठेविलीं? कारागिरानें काम करावें आणि नांव धन्याचें व्हावें, ही रीत आपल्याकडेहि जुनीच. दोन्हीं बाजूंच्या या रीतींच्या मधल्या फटींतून हीं नांवें निसटून गेलीं.

सुदैवानें अलीकडे या बाबतींत कांहींशी जाग आली आहे. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयांत डिसेंबर १९१९ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०१९ च्या डिसेंबरांत, एक मोठें प्रदर्शन उघडलें. विल्यम डॅलरिंपल या इतिहासकारानें तें मांडलें होतें. प्रदर्शनाच्या नांवांतच या चित्रकारांना ‘विसरलेले उस्ताद’ म्हटलें होतें, आणि झैनुद्दीन, भवानीदास, रंगय्या हीं नांवें भिंतीवर धन्याच्या नांवाखालीं न लिहितां चित्रकार म्हणून लिहिलीं गेलीं. चित्रें तींच होतीं. बदलली ती खालची पाटी. पण तेवढ्यानेंहि पाहणाराची दृष्टि बदलते. आधीं जो ‘साहेबांच्या बागेंतला एक पक्षी’ असतो, तो आतां ‘झैनुद्दीननें पाहिलेला पक्षी’ होतो.

हें काम केवळ परक्यांनीं करावें असें नाहीं. पर्वतीच्या पायथ्याशीं जाणाऱ्या मुलांना शिक्षकानें गंगाराम तांबटाच्या गेंड्याची गोष्ट सांगावी. शाळेंत चित्रकलेच्या तासाला एखादें पान समोर ठेवून, तें कोमेजण्यापूर्वीं, जसें दिसतें तसेंच काढण्यास मुलांना बसवावें, म्हणजे रंगय्या आणि गोविंदू यांनीं वर्षानुवर्षें काय केलें असेल, याची कल्पना त्यांना आपोआप येईल. आणि चित्र पुरें झाल्यावर, चांगलें असो वा वाईट, मुलानें त्याच्या खालच्या कोपऱ्यांत आपलें नांव स्पष्ट अक्षरांत लिहावें. दापोडीच्या चित्रकाराला तेवढें करूं दिलें असतें, तर आज त्याला नांवानें हांक मारतां आली असती.